तिथी बघा, मग तारीख ठरवा: उन्हाळ्याच्या सुट्टीत आंजर्ल्याला मुक्काम

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात जायचं ठरलं की बहुतेक घरांत यादी बनते. दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरुड, गुहागर, गणपतीपुळे, आणि हे सगळं चार दिवसांत. मग मे महिन्याच्या उन्हात मुलं गाडीत चिडचिड करतात, मोठी माणसं प्रत्येक गावात जेवायची सोय शोधत फिरतात आणि समुद्र दिसतो तो बराचसा काचेतून. माझं म्हणणं एवढंच, की किनाऱ्यावरचं एक गाव निवडा आणि चार रात्री तिथेच राहा. भरती-ओहोटीच्या वेळा, मासळीचा लिलाव, दुपारची झोप, देवळातली आरती असं गावाचं एक वेळापत्रक असतं. आपला दिवस त्यात बसवला तरच सुट्टी अंगी लागते.

हा लेख दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याबद्दल आहे. तारीख काढायची रीत, समुद्रात उतरायचे नियम आणि फोनवर विचारायचे प्रश्न मात्र केळशी, वेळणेश्वर, भोगवे असं कुठलंही गाव निवडलंत तरी उपयोगी पडतील.

गावाची ओळख

जोग नदी जिथे समुद्राला मिळते तिच्या उत्तरेला आंजर्लं आणि दक्षिणेला हर्णै बंदर. मधल्या खाडीवर पूल आहे, त्यामुळे बंदर हाताशी असूनही बंदराची गडबड गावात येत नाही. लांबलचक पुळण, तिच्या मागे सुरूचं बन, त्यामागे नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांतून जाणारा अरुंद रस्ता. समोरून एस.टी. आली तर गाडी मागे घ्यावी लागते. वर डोंगरावर कड्यावरचा गणपती.

वाड्यांमधून चालताना मधेच मोकळं आकाश दिसेल. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात इथल्या शेकडो वर्षांच्या बागायतीचं अतोनात नुकसान झालं, उभ्या नारळी-पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. नारळाचं झाड लावल्यापासून हाताशी यायला सहा-सात वर्षं सहज जातात. वादळानंतर अनेक घरांनी पाहुण्यांच्या खोल्यांवर तग धरला, आणि मोठ्या रिसॉर्टपेक्षा गावातल्या घरी उतरा असं मी आग्रहाने सांगतो, त्याचं हे एक कारण आहे.

पहिली पायरी: तिथी बघून तारीख काढा

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि नेमका हाच कुणी करत नाही.

आपल्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसं घड्याळाकडे न बघता भरतीची वेळ सांगतात. त्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून भरती पहाटे तीनला आणि दुपारी तीनला. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. शुद्ध पक्ष असो वा वद्य, तिथी एकपासूनच मोजायची. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण बेत आखायला हे गणित पुरतं. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी.

आता याचा उपयोग बघा. उन्हाळ्यात समुद्रात जायची वेळ दोनच: सकाळी नऊच्या आत, किंवा संध्याकाळी साडेचारनंतर. संध्याकाळी डुंबायचं असेल तर त्या वेळी पाणी चढतं असावं, उतरतं नसावं. तृतीया-चतुर्थीला तीनच्या सुमाराला पाणी भरतं आणि तुम्ही पोहोचता तेव्हा ओहोटी लागलेली असते, म्हणजे पाणी आत ओढतं. तेच दशमी ते द्वादशीला भरती संध्याकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान असते, म्हणून चार ते साडेसहा हा सगळा वेळ पाणी हळूहळू चढत असतं. लहान मुलं बरोबर असतील तर नवमीला पोहोचून त्रयोदशीला निघावं, इतकं हे सोयीचं आहे.

पौर्णिमा-अमावास्येची गोष्ट वेगळी. तेव्हा उधाण असतं. पाणी दुपारी बाराला सुरूच्या बनाजवळ येतं आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमाराला खूप लांब जातं. पोहायला हे दिवस कमी बरे, पण चालायला, क्रिकेटला आणि शिंपले वेचायला यासारखे दिवस नाहीत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे पाणी फार वरही येत नाही आणि फार खालीही जात नाही. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरात आधी तिथी बघा, मग रजेचा अर्ज टाका.

महिन्याचं म्हणाल तर 20 एप्रिल ते 20 मे हा काळ धरा. त्यात मेचा दुसरा आठवडा मला सर्वांत आवडतो. हापूस भरात असतो आणि भावही उतरलेले असतात. फणस, करवंदं, जांभळं, रातांबे सगळं एकदम येतं. महाराष्ट्र दिनाला जोडून शनिवार-रविवार आला असेल तर ते दिवस टाळा. 20 मेनंतर समुद्र फुगायला लागतो, वळवाचे पाऊस सुरू होतात, होड्या किनाऱ्यावर ओढायची तयारी होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळीही संपते.

मेमध्ये चाकरमानीही गावाला येतात. लग्नं, मुंजी, सत्यनारायण, सगळं याच महिन्यात उरकतात. ज्यांच्याकडे तुम्ही उतरणार त्यांच्याच घरी दहा पाहुणे असू शकतात. म्हणून खोली मार्चमध्ये सांगून ठेवा आणि निघण्याच्या आठवडाभर आधी फोन करून पक्की करा.

दुसरी पायरी: जायचं कसं

मुंबईहून मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव, लोणेरे, मग गोरेगाव-आंबेत-मंडणगड आणि पुढे दापोली किंवा केळशी फाट्याने आंजर्लं. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावला याच रस्त्याला लागायचं. खेडवरून यायचं असेल तर महामार्गाने कशेडीचा बोगदा ओलांडून खेड आणि तिथून तीसेक किलोमीटर दापोली. मंडणगडचा रस्ता जवळचा, पण वळणांचा. गाडी लागणारं कुणी असेल तर खेडकडून या. दापोलीहून आंजर्लं पंचवीसेक किलोमीटर आहे आणि त्याला पाऊण तास तरी लागतो.

मुंबई काय, पुणे काय, पहाटे पाचच्या आत घर सोडा. दहापर्यंत मंडणगड गाठलं की पुढचा रस्ता ऊन चढायच्या आत होतो. दापोलीत पेट्रोल भरा, एटीएममधून रोख रक्कम काढा आणि औषधं राहिली असतील तर तिथेच घ्या. पुढे गावात रेंज गेली की फोनवरून पैसे देता येत नाहीत, आणि मासे विकणाऱ्या मावशींना सुट्टे पैसेच बरे पडतात.

रेल्वेने यायचं तर स्टेशन खेड. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, आणि मेची तिकिटं पहिल्या दिवशीच संपतात. तारीख आधीच काढून ठेवली असेल तर सकाळी आठला तिकीट काढायला बसता येतं. उन्हाळी विशेष गाड्या मागाहून जाहीर होतात, त्यांच्यावर लक्ष ठेवा. खेड स्टेशनवरून रिक्षाने एस.टी. स्टँड, तिथून दापोली, आणि दापोलीहून आंजर्ल्याची गाडी. मुंबई-पुण्याहून दापोलीला थेट एस.टी.ही आहे. 2023 पासून महिलांना एस.टी.त अर्धं तिकीट आहे आणि 75 वर्षांवरच्या आजी-आजोबांना प्रवास मोफत, म्हणजे मोठ्या कुटुंबाला गाडी भाड्याने घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

एक तिसरा रस्ताही आहे, थोडा लांबचा पण मुलांना फार आवडणारा. श्रीवर्धन-हरिहरेश्वरकडून बागमांडल्याला या, गाडी फेरीबोटीत चढवा, सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरा आणि बाणकोटच्या बाजूने किनारा धरून केळशी-आडे मार्गे आंजर्ल्याला पोहोचा. आडे-पाडल्याचा रस्ता समुद्राला अगदी लागून जातो. हा टप्पा अंधारात करू नका. रस्ता अरुंद आहे आणि एवढं देखणं काही न बघता निघून जाईल.

तिसरी पायरी: खोली घेताना काय विचारायचं

गावात बहुतेक सोय घरगुती आहे. वाडीतलं घर, बाजूला बांधलेल्या दोन-चार खोल्या, पडवीत जेवण. फोनवर फक्त भाडं विचारून ठेवून देऊ नका. पुढच्या गोष्टी विचारा.

जेवण शाकाहारीच आहे की मासे मिळतील? आंजर्ल्यातली बरीच घरं शुद्ध शाकाहारी आहेत आणि तिथे बाहेरून मासे आणून खाणंही चालत नाही. हे आधी कळलेलं बरं, नंतर दोघांनाही संकोच होतो. मोदक मिळतील का, आणि किती आधी सांगावं लागेल? लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का? वळवाच्या दिवसांत ती रात्रभरही जाते. विहिरीला मेअखेर पाणी असतं का? गाडी आवारात राहील का? समुद्र चालत किती लांब आहे, आणि वाट वाडीतून आहे की रस्त्याने? छत कौलारू आहे की पत्र्याचं? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. मेच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवत नाही, आणि कौलाखाली पंखाही पुरतो.

घरात वयस्कर माणसं असतील तर तळमजल्याची खोली मागा. आगाऊ रक्कम पाठवली की व्हॉट्सॲपवर तारखा लिहून घ्या, एवढं पुरे. इथे शब्दाला किंमत आहे, तुम्हीही ती ठेवा. बेत रद्द झाला तर लगेच कळवा, कारण मेमधली एक रिकामी खोली म्हणजे त्या घराचं खरं नुकसान असतं.

बॅग हलकी ठेवा. सुती कपडे रोजचे दोन जोड धरून, कारण घामाने एक पुरत नाही. टोपी, छत्री, ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी, डासांचं मलम, ओआरएसची पाकिटं, पॉवर बँक. खारं पाणी सोसतील अशा रबरी चपला हव्यातच. आणि प्रत्येकी एक बॅटरी. कातळावर आणि वाडीत फुरसं हा विषारी साप व विंचू असतात, म्हणून अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय बाहेर पडायचं नाही, सकाळी चपला झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. विंचवाच्या दंशावर प्रॅझोसिन हे औषध प्रभावी ठरतं हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्याच रुग्णांवर काम करून जगाला दाखवून दिलं. त्यामुळे काही चावलं तर मंत्र आणि पाल्यात वेळ घालवू नका, सरळ दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. रुग्णवाहिकेसाठी 108.

चौथी पायरी: दिवस लावून घ्या

सहाला उठा. कितीही आळस आला तरी उठा, कारण इथला सगळ्यात चांगला वेळ सहा ते नऊ. पुळणीवर पाण्याच्या रेषेजवळ बघत चाला. ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसेल, मधोमध एक भोक आणि भोवती गोळ्यांच्या रांगा. हे एका इवल्याशा खेकड्याचं काम. तो वाळू तोंडात घेतो, तिला चिकटलेलं अन्न काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून बाजूला टाकतो. मुलांना चार हात लांब उकिडवं बसवा आणि दोन मिनिटं हलू देऊ नका. खेकडा बाहेर येतो, दोन-चार गोळ्या टाकतो, जरा सावली हलली की आत. भरती आली की सगळी नक्षी पुसली जाते आणि पुढच्या ओहोटीला तो पुन्हा सुरू करतो.

नऊला परत, न्याहारी. दहा ते चार घरातच थांबा. घाटावरच्या माणसाला तापमानाचा आकडा कमी वाटतो, पण दमटपणामुळे घाम वाळत नाही आणि ऊन लागल्याचं उशिरा कळतं. पत्ते, पुस्तकं, पडवीतली झोप. झोपाळा असेल तर उत्तमच, पण नारळाच्या झाडाखाली खाट टाकून झोपू नका. दुपारी एक ते चार गावही झोपतं, त्या वेळी दुकानं उघडायला लावू नका. साडेचारला पुन्हा समुद्र.

पाचवी पायरी: समुद्रात उतरताना

या किनाऱ्यावर दर वर्षी माणसं बुडतात. बहुतेक पर्यटक असतात, तरुण असतात आणि अनेकांना पोहता येत असतं. विहिरीत किंवा तलावात पोहणं आणि समुद्रात पोहणं यांचा फारसा संबंध नाही, म्हणून हे नियम घरातल्या प्रत्येकाला पाण्यात जायच्या आधी सांगा.

पाणी चढतं असताना उतरा, कमरेच्या वर जाऊ नका आणि ओहोटी लागली की बाहेर या. ओहोटी लागली का हे ओळखायला वाळूत पाण्याच्या कडेला काठी रोवा. दहा मिनिटांनी लाटा काठीपर्यंत पोहोचत नसतील तर पाणी उतरतंय.

दक्षिणेकडे, खाडीच्या मुखाजवळ, अजिबात नाही. तिथे जोग नदीचं आणि भरती-ओहोटीचं पाणी एकमेकांत मिसळतं, तळ सतत बदलतो आणि वरून पाणी शांत दिसतं. गावातली माणसं म्हणतात, "तिथं पाण्याला ओढ आहे." हे वाक्य ऐकलं की तिथून मागे फिरा.

अशी ओढ मोकळ्या किनाऱ्यावरही असू शकते. ओळखायची खूण अशी: सगळीकडे लाटा फुटताहेत, पण मधल्या एका पट्ट्यात लाट फुटतच नाही, पाणी गढूळ आणि सपाट दिसतं. नवख्या माणसाला वाटतं ही शांत जागा, इथे उतरू. किनाऱ्यावर चढलेलं पाणी नेमकं तिथूनच आत परत जात असतं. कुणी त्यात सापडलंच तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहू नये. त्यात माणूस दमतो आणि दमूनच बुडतो. किनाऱ्याला समांतर, बाजूला पोहत जावं. ओढीचा पट्टा अरुंद असतो, त्यातून बाहेर पडलं की लाटाच बाहेर आणून टाकतात. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगत राहावं आणि हात वर करून ओरडावं. किनाऱ्यावरच्यांनी पाठोपाठ उड्या न मारता दोरी, ओंडका, रिकामा कॅन असं काहीतरी फेकावं, कोळीवाड्यातल्या माणसांना हाक मारावी आणि 112 ला फोन करावा.

दारू प्यायलेल्या माणसाला पाण्यात जाऊ देऊ नका, मग तो पाहुणा असो की भावोजी. आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू घट्ट वाटते, चाकं रुततात, भरती कुणासाठी थांबत नाही. शिवाय नोव्हेंबर ते मार्च या काळात याच वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. एप्रिलमध्ये आलात तर आंजर्ल्यात किंवा वेळासला वनखात्याच्या देखरेखीखाली पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळू शकतात. घरमालकांना विचारा, त्यांना त्या दिवसाची खबर असते. पिल्लांना हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही.

हर्णै, सुवर्णदुर्ग आणि दोन देवळं

चार दिवसांत एवढंच पुरे, आणि एका दिवशी एकच.

हर्णैचा लिलाव संध्याकाळी चारच्या पुढे रंगतो. होड्या लागतात, टोपल्या वाळूवर ओततात आणि वाटे लावून बोली सुरू होते. इथे किनाऱ्यावर माल आणायला बैलगाड्या थेट पाण्यात घालायची जुनी पद्धत आहे. लिलाव व्यापाऱ्यांचा असतो, तिथे किलोभर पापलेट मागू नका. बाजूला वाटे घेऊन बसलेल्या कोळणींकडून घ्या. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ला उचलल्यावर लाल हवा, बोटाने दाबल्यावर मांस पुन्हा वर यायला हवं. घासाघीस जरूर करा, पण भाव फोडून घेतल्यावर न घेता उठू नका. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, त्यांचा धंद्याचा तोच एक तास असतो. मासे कापून देतात. झाकणाचा डबा बरोबर न्या.

सुवर्णदुर्गाला सकाळी जा. हर्णैहून होडी मिळते, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका आणि परतीची वेळ तांडेलाकडून, म्हणजे होडी चालवणाऱ्याकडून, पक्की करून घ्या. गुडघाभर पाण्यात उतरायची तयारी ठेवा. बुरुजांआड दडलेलं महाद्वार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीतला मारुती मुलांना शोधायला लावा. शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतलेला हा किल्ला पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा मोठा आधार झाला. 1755 मध्ये पेशव्यांच्या साथीने इंग्रजांच्या आरमाराने तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला आणि पुढच्याच वर्षी विजयदुर्गही पडला. आपलंच आरमार आपण परक्यांच्या मदतीने मोडलं, हे त्या तटावर उभं राहिल्यावर फार बोचतं. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या 12 मराठा किल्ल्यांत सुवर्णदुर्ग आहे. आत सावली नाही, पाणी बरोबर न्या आणि दहाच्या आत परत फिरा.

कड्यावरच्या गणपतीला गाडीने जाता येतं, पण गावातल्या पाखाडीने चढून जा. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना झाडी, आणि वर पोहोचल्यावर खाली सगळी पुळण नि लांब सुवर्णदुर्ग. मूर्ती उजव्या सोंडेची. सध्याचं दगडी देऊळ पेशवाईतलं आहे. सकाळच्या आरतीची वेळ घरमालकांना विचारून ठेवा, सोवळ्या-ओवळ्याचे नियम पाळा आणि देवळात अर्ध्या चड्डीत जाऊ नका.

दुसरं देऊळ आसूदचा केशवराज, दापोली-हर्णै रस्त्यावर. गाडी खाली ठेवून पोफळीच्या दाट वाडीतून उतरायचं, ओढ्यावरचा पूल ओलांडायचा आणि पायऱ्या चढायच्या. कडेने पाटाचं पाणी खळखळत असतं. भर मेमध्ये, दुपारी बारालाही तिथे गारवा असतो. देवळाशी दगडी गोमुखातून बारमाही पाणी पडतं. उन्हात बाहेर पडायचंच असेल तर मी हे एकच ठिकाण सुचवेन.

जेवण

सकाळी न्याहारीलाच रात्रीच्या जेवणाचं सांगून ठेवा. ही घरं आहेत, हॉटेलं नव्हेत. नारळ खवायचा, भाकरीचं पीठ दळून आणायचं, मोदकाची उकड काढायची म्हणजे वेळ लागतो. मोदक आदल्या दिवशी सांगा.

पनीर आणि नूडल्स मागू नका. या दिवसांत मिळणाऱ्या गोष्टी मागा: फणसाच्या कुयरीची भाजी, काजूची उसळ, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी, घावन, फणसाचं किंवा आंब्याचं सांदण, मऊ भात-मेतकूट-तूप. फणस कापा आहे की बरका ते विचारा. कापा गऱ्यागऱ्याने खायचा, बरका रसाळ, तो सांदणाला आणि फणसपोळीला. सोलकढी मात्र आगळाची (कोकमाच्या खारवलेल्या रसाची) आणि नारळाच्या दुधाची ताजी केलेली हवी.

मेमध्ये अंगणात रातांबे फोडलेले दिसले तर थांबून बघा. बिया वेगळ्या काढतात, सालं मिठाच्या रसात बुडवून उन्हात टाकतात, वाळली की पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. अशा अनेक फेऱ्यांनंतर त्याचं आमसूल होतं. खारवलेला रस तो आगळ, साखर भरून मुरवलेलं ते अमृत कोकम, आणि बियांचं तेल भेगाळलेल्या टाचांना. हे सगळं त्याच घरातून विकत घ्या.

शेवटची पायरी: आंबे घेऊन घरी

आंबे शेवटच्या दिवशी बाजारातून घाईने घेऊ नका. दुसऱ्याच दिवशी बागायतदाराला सांगून ठेवा, म्हणजे तो अढीतून निवडून देईल. तीन टप्प्यांत मागा: थोडे तयार, थोडे निमतयार, बाकी कच्चे. सगळी पेटी एकदम पिकली की चार दिवसांत फस्त करावी लागते. फार मोठ्या फळाचा हट्ट नको, मध्यम आकाराचं फळ बहुधा जास्त चांगलं निघतं. साल किंचित सुरकुतली, देठाजवळ वास सुटला की कापा. हापूसमध्ये कधीकधी साका निघतो, आतला गर पांढरट आणि भुसभुशीत. तो बाहेरून ओळखता येत नाही, त्यासाठी बागायतदाराशी भांडू नका. हा दोष टाळण्यासाठीच दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने हापूस आणि नीलम यांच्या संकरातून रत्ना ही जात काढली, ती 1981 मध्ये आली. मिळाली तर डझनभर घेऊन बघा.

पेटी गाडीच्या डिकीत बंद करून उन्हात ठेवू नका, पायाशी ठेवा आणि काच थोडी उघडी असू द्या. घरी पोहोचल्यावर लगेच बाहेर काढून वर्तमानपत्रावर एकथरी पसरा आणि रोज एकदा फिरवा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हिशेब चुकता करा. सोबत आणलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि वेष्टनं पिशवीत भरून परत न्या, गावात त्यांची विल्हेवाट लावायची सोय अपुरी आहे. रविवारी दुपारी माणगावला गाड्यांची रांग लागते, म्हणून परतीचा दिवस सोमवार ठेवा. ते जमत नसेल तर रविवारी पहाटे साडेचारला निघा. घरमालकीणबाई आदल्या रात्री विचारतीलच, तेव्हा चहा आणि घावनांचा डबा सांगून ठेवा.